बरण्यांशी बोलणं

वादळ डोक्यावरून गेलं आणि पाठोपाठ अंगणातलं अक्रोडाचं झाड तळघराच्या दारावर आडवं झालं. एमेटने आतून खांदा लावून पाहिला. दार हललं नाही. आत एक कंदील, लोणच्याच्या बरण्यांची फळी, घोट्याएवढं पाणी, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेली त्याची सासू, लोरेना. बायको ज्युएल सकाळीच रेड रॉक गावी गेलेली.

ओटो या अमेरिकेतल्या आदिवासी लोकांत जावई सासूशी बोलत नाही, तिच्याकडे बघतही नाही. मानच तो. आजवर दोघांमधला शब्द न् शब्द ज्युएलच्या तोंडून गेला होता, इंग्रजीतून. ज्युएलला तेवढीच भाषा येई.

पाणी चढत होतं.

"बरण्यांनो," म्हातारी फळीला म्हणाली. ओटोंच्या जुन्या चिवेरे बोलीत. "हवेचा नळ पार वरपर्यंत जातो. शहाणा माणूस त्यावर ठोकत बसला असता. पण बैलाला कुठली आपली भाषा कळायला!"

एमेट थबकला. आई गेल्यापासून ही बोली त्याच्या कानावर पडली नव्हती. शाळेत ती बोलल्याबद्दल मास्तरांनी तोंडात साबण कोंबला होता.

"कंदिला," तो अडखळत म्हणाला, "बैलाला कळतं. मी विसरले नाही."

म्हातारीची पाठ ताठ झाली. मग ती हसू लागली, खोकला येईपर्यंत हसली.

"ऐकलंत का गं? हा बाईसारखा बोलतो!"

"आईकडूनच शिकले, कंदिला. दुसरं होतं कोण?"

"पुरुषाने 'शिकलो' म्हणावं, बरण्यांनो." तिचा आवाज उतरला. "ही बोली जाणणारा इतकी वर्षं माझ्याच घरात होता. आणि मी कोंबड्यांशी बोलत बसले."

एमेट दगडाने नळ ठोकू लागला. ठोकता ठोकता कंदिलाला विचारू लागला: संध्याकाळी ओरडतो त्या पक्ष्याला काय म्हणायचं? धाकट्या भावाला हाक कशी मारायची? उत्तरं बरण्यांना मिळत होती. पाणी गुडघ्याला लागलं.

मग वर माणसांची गडबड झाली. ज्युएलची हाक आली. करवत सुरू झाली.

एमेटच्या हातातला दगड थांबला. दारातून उजेडाची चीर पडली, तसं त्याने रिवाजाप्रमाणे तोंड फिरवलं.

"जरा दमानं कापा म्हणावं त्यांना," म्हातारी बरण्यांकडे पुटपुटली. आणि करवत जवळ येत गेली तशी ती भरभर, श्वासही न घेता, राहिलेले शब्द त्यांना सांगत सुटली.