पाच थेंब

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मशीनसमोरचा कागद साहेबरावांना पाठ होता : ‘तपासणी चालू असताना बोलू नये.’ कोरोनानं आधीच सगळ्यांची तोंडं बांधली होती, त्यात हा आणखी एक हुकूम. मंगळवारी मुरुडहून पहिल्या एसटीनं लातूरला आलेले साहेबराव हनुवटी टेकवून मुकाट बसले.

डोळे तपासणाऱ्या रूपालीनं जुने हातमोजे टाकून नवे घातले. बुबुळाला टेकवायचं टोकही आता दर पेशंटला नवं. मधल्या प्लास्टिकच्या पडद्याखालून हात घालून तिनं त्यांच्या उजव्या डोळ्याची पापणी अंगठ्यानं वर धरली. डावा काचबिंदूनं कधीच गेला होता. बाकीचे पेशंट इथं अंग चोरतात. हा माणूस मात्र पापणी तिच्या हवाली करून निवांत बसायचा.

डोळ्यातल्या दाबाचा आकडा पाहून तिनं पुन्हा मोजलं. एकतीस.

“काका, मागच्या खेपेला चौदा होतं. थेंब टाकता ना?”

“हाव. रोज रातच्याला.”

“बाटली दाखवा बरं.”

पिशवीतून बाटली निघाली. झाकणाचं सील जसंच्या तसं होतं. रूपालीचा पारा चढला.

“उरलेला डोळाबी घालवायचा हाय का?”



“चांगलं आलं की सहा महिन्यांनी या म्हनतीस, पोरी. बिघडलं की आठ दिसांनी. गल्लीत कुनी जवळ येऊ देईना. पोराचा फोन येतो, न्हाई असं न्हाई. पर माझ्या तोंडाला मान्साचा हात लागतो त्यो हितंच.”

रूपालीला रडूच आलं; मास्क होता म्हणून निभावलं. तिनं सील तोडून एक थेंब टाकला. औषध घशात उतरू नये म्हणून डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दोन मिनिटं दाबून धरावा लागतो. एरवी ती पेशंटलाच धरायला सांगायची. आज तिनं स्वतः धरला. बाहेर नंबर लावून बसलेले लोक कुरकुरत होते.

“सोमवारी या,” ती म्हणाली. “बाटलीतलं औषध कमी झालेलं दिसलं तरच आत घेईन.”

“आन् आकडा चांगला आला तर?”

“तरी पुढच्या सोमवारी या.”

साहेबरावांनी बोटं मोजायला घेतली.

“बुधवार, बेस्तरवार, शुक्रवार, शनवार, आइतवार,” ते पुटपुटले. “म्हंजी पाच थेंब.”