तळ्यातला माणूस

"हजारो वर्षांपूर्वी त्या तळ्याकाठी माणसं राहायची. तळाच्या गाळात त्यांचा माग निघणारच!" एका जुन्या तळ्याच्या गाळावर संशोधन करणाऱ्या, म्हणून बिल्डिंगभर 'चिखलताई' झालेल्या ताईनं छातीठोक सांगितलं.

"निघतोय डोंबल!" शेजारचे काका म्हणाले, आणि जिन्यातच पैज लागली. हरेल त्यानं उलटा शर्ट घालून अख्ख्या बिल्डिंगचा जिना झाडायचा.

ताईचा सगळा प्रबंध त्या एका मागावर टांगलेला. गाळ धुवून, गाळून, मशीनला चारून बिचारीचा जीव मेटाकुटीला आला. शेवटी एकदाचं मशीननं गाळात माणसाच्या अंगाचं तेल दाखवलं, आणि ती प्रयोगशाळेत एकटीच नाचली.

रविवारी मात्र उलट्या शर्टातली ताईच जिना झाडत होती. दारादारातून डोकी बाहेर आली.

काका बुचकळ्यात पडले. "अगं, माणूस सापडला म्हणालीस ना? मग झाडू माझ्या हातात हवा!"

"सापडला ना, काका." ताई कंबर धरून पुढच्या पायरीवर उतरली. "गाळ काढताना हातमोजा फाटला होता, ते कळलंच नाही. हजारो वर्षं जुन्या गाळात मीच सापडले."