चारला निघणारं वऱ्हाड

सांगोल्याच्या मंगल कार्यालयात नवरदेवाचे मामा दत्ताजीराव बरोबर चार वाजता विजेवरच्या गाडीत बसले आणि चिडले. सकाळी भरलेली बॅटरी तीस टक्क्यांवर आली होती. वऱ्हाडाच्या अकराही गाड्यांची तीच गत होती.

"मामा, दुपारी आभाळ आलं, वाराही पडला," कार्यालय सांभाळणारी वैजयंता म्हणाली. "ऊन-वाऱ्याची वीज कमी पडली, तेव्हा वीज वाटणाऱ्या ग्रिडनं प्लगला लावलेल्या गाड्यांतली वीज दवाखान्याला दिली. तिथं सहाजण डायलिसिसवर होते. आता वारा सुटलाय, गाड्या परत भरतायत."

"पण प्लग लावताना मी चारची वेळ दिली होती."

"ग्रिडनं शेकडो वऱ्हाडं पाहिलीत, मामा. तुम्ही पावणेसातला निघाल, असं ते म्हणतंय."

"बघतोच," म्हणून मामा सगळ्यांना उठवायला आत गेले. आत शेवटची पंगत बसत होती. मग आहेर झाले, ओटी भरली गेली, मग कुणाची तरी चप्पल सापडेना.

नवरी आईच्या मिठीतून सुटून गाडीत बसली, तेव्हा पावणेसात झाले होते. बॅटरी पूर्ण भरली होती. मामा गाडीतल्या पडद्याकडे बघत राहिले. पोरीच्या रडण्यालाही ग्रिडनं वेळ ठेवला होता.