भज्यांची बशी

बशी पुढ्यात आली तशी कुंडलिकनं ती चटकन आपल्याकडे ओढली.

"गरम हाय," तो म्हणाला. "तोंड भाजंल."

"भजी गरमच खायाची असत्यात," फुलाबाई म्हणाली आणि बशी परत आपल्यापुढं घेतली.

रविवार सकाळ. लालबागच्या नाक्यावरचं हॉटेल सुट्टीच्या गिरणीवाल्यांनी गच्च भरलं होतं. कोपऱ्यात बायकांसाठी एक पडदा लावलेला होता, त्याच्या आड नवरा-बायको बसली होती. बाहेर कढईत घाण्यावर घाणा पडत होता आणि फुलाबाईचं सगळं लक्ष त्या चुरचुरीकडे होतं. तिला पुण्याकडल्या पासली गावाहून येऊन दोन महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत तिनं मुंबई पाहिली थोडी आणि खाल्ली जास्त. इराण्याचा पाव, चौपाटीवरची भेळ, नानकटाई, जे दिसेल ते. पाचवा महिना चालू होता, तेव्हा कोण नाही म्हणणार? पासलीत डोहाळे लागले असते तर चिंचेवर नि चुलीतल्या मातीवर भागवावं लागलं असतं. इथं नाक्यानाक्यावर डोहाळे मांडून ठेवले होते.

दोन दिवस तिनं भज्यांचा धोशा लावला होता. गरवार बाईला नाही म्हणायचं नसतं, पोराची लाळ गळत राहते, हे पासलीत शेंबडं पोरही सांगेल. म्हणून कुंडलिक तिला घेऊन आला होता. पण येताना तो सारखा मागं रेंगाळत होता.

त्याच्या बंडीच्या खिशात परवा आलेलं कार्ड होतं. अक्षर गावच्या मास्तरांचं, बोलणं आबांचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. 'बनीला देवी आल्या आहेत. आज चौथा दिवस. ताप हटत नाही. फुलाबाईस कळवू नये, इकडे धाडू नये. ती दोन जिवांची आहे. तुम्ही दोघांनी तिकडे पाळावे.'

बनी त्यांची चार वर्षांची पोर. आजीपाशी ठेवून आले होते.

काय पाळायचं ते लिहायची गरज नव्हती. पोराला देवी आल्या की घरात फोडणी बंद, तळण बंद. आईबाप कुठंही असोत, देवी उतरेपर्यंत त्यांनी तेलाला शिवायचं नाही. इकडं कढई तापली की तिकडं पोराच्या अंगाची आग होते. कुंडलिक परवापासून मीठ-भाकरीवर होता. घरातलं तेल त्यानं मोरीत ओतलं होतं आणि सांडलं म्हणून सांगितलं होतं. बायकोला खरं सांगावं तर ती त्याच पावली पासलीची वाट धरणार, आणि तिथं गेली तर तिचं नि पोटातल्याचं काय होईल सांगता येत नव्हतं. न सांगावं तर समोर भजी. इकडं आड, तिकडं विहीर. अशा वेळी शहाणी माणसं जे करतात तेच त्यानं केलं. वेळ काढला.

"चटणी आनतो," म्हणून तो उठला. चटणी हातात घेऊन गल्ल्यापाशी उगाच उभा राहिला. परत आला तेव्हा तिच्या हातात दुसरं भजं होतं.

त्यानं तिचं मनगट धरलं. जरा जास्तच जोरात धरलं.

फुलाबाईनं आधी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याच्या गालावर तीन दिवसांची दाढी होती, रविवार असून.

"तेल सांडलं म्हनला तुमी," ती म्हणाली. "मग मीठ-भाकरी. आनि आता ह्ये." तिनं भजं बशीत ठेवलं. "बनीला आल्यात?"

कुंडलिकनं मान हलवली.

"कवापासनं?"

"आज आठवा दिस."

तिनं पदरानं बोटं पुसली. एकेक बोट, सावकाश. मग तीच बोटं ओठांवरून फिरवली.

"म्या एक खाल्लं," ती म्हणाली.

"एकच ना. देवी समजून घेती. तुला ठाव नव्हतं."

"तुमाला ठाव व्हतं."

कुंडलिकनं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं हे त्याला ठाऊक होतं, तरी त्यानं ते तिच्याकडे सरकवलं.

"आबांनीच लिवलंय, तुला धाडू नगं म्हनून. तुज्यासाठीच की. पोटातल्यासाठी. म्या जातो, आज रातच्या गाडीनं. तू हितंच रहा. शेजारच्या साळूबाईला सांगून जातो."

ती उठली. बसायचं बाक तिनं हातानं मागं सारलं, दुसरा हात पोटावर होता.

"मामंजींचं खरं हाय," ती म्हणाली. "पर पोटातलं माज्यापाशी हाय. बनी तिथं माज्याबिगर हाय."

तो पुढं काही बोलायच्या आत ती पडद्याबाहेर गेली. दोन महिन्यांत ती या शहरात नवऱ्याखेरीज कुठल्या पुरुषाशी एक शब्द बोलली नव्हती. दारात एक म्हातारा गिरणीवाला बिडी ओढत उभा होता. ती थेट त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"दादा," तिनं विचारलं, "पुन्याची गाडी कुठनं सुटती?"