पिवळा ठिपका

पूल पुन्हा एकदा उभा राहत होता. खासदारसाहेब बोलत होते आणि शाळेच्या हॉलमधल्या शंभरेक माणसांना तो चक्क दिसत होता. कठडे, गोल दिवे, मधोमध बसायला दोन बाकं. साहेबांचा आवाजच तसा होता, कोमट पाण्यात पाय सोडून बसल्यासारखा. प्रश्न विचारायला तावातावाने उठलेला पाववाला तर बसल्या जागी पूल ओलांडून पलीकडे पोचलासुद्धा, असं त्याच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

पहिल्या रांगेत, खिडकीला लागून, शॉर्टहँडबाई मांडीवरच्या वहीत भराभर लिहीत होत्या. तीस वर्षं त्यांनी कोर्टात माणसांचं बोलणं कागदावर उतरवलं होतं. निवृत्त झाल्यावर वस्तीच्या सभांचं इतिवृत्त आपसूक त्यांच्याच गळ्यात पडलं. हात आपला लिहीत राहायचा आणि मन भटकायला मोकळं. आज ते खिडकीतून निसटून नदीवर गेलं होतं.

नदीपलीकडे त्यांची ताई राहायची. नऊ वर्षांपूर्वी जुना पूल धोक्याचा म्हणून पाडला आणि दोन बहिणींच्या मध्ये नुसतं पाणी उरलं. रस्त्याने जायचं तर दोन बस बदलून दीड तास, आणि दोघींचे मिळून चारही गुडघे बसच्या पायरीचं नाव काढलं की रुसायचे. म्हणून रोज पाचच्या ठोक्याला दोघी आपापल्या काठावर येत. ताई लाल रुमाल हलवायची, बाई पिवळा. मग आज कोण उशिरा आलं, यावरून फोनवर यथेच्छ भांडण.

हल्ली ताईच्या डोळ्यांत धुकं उतरत चाललं होतं. फार तर वर्षभर दिसेल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

"तू आता ठिपका झालीस गं," परवा ताई म्हणाली. "पिवळा ठिपका. पूल होऊ दे, एकदा जवळून तुला नीट बघून घेते. म्हातारी झालीस का, ते तरी कळेल."

आज सभा लांबणार, म्हणून बाईंनी ताईला दुपारीच फोनवर बजावलं होतं, मी काठावर नाही, शाळेच्या खिडकीत आहे, तिकडे बघ.

पाच वाजले. ऊन तिरपं झालं, नदी मधासारखी संथ झाली. दूधवाली आजारी माणसाला पलीकडच्या दवाखान्यात कसं न्यायचं ते विचारत होती आणि साहेब तिलाही हळूच पुलावर घेऊन चालले होते. तेवढ्यात पलीकडे लाल रुमाल वर गेला. बाईंनी पिवळा रुमाल काढून खिडकीबाहेर धरला. खूप हलवला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं. ताई शाळेकडे बघतच नव्हती. शाळेच्या शेजारच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून ती छान हसत होती आणि टाकीला हात करत होती.

बाईंचा लिहिता हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

किती वेळ गेला, कुणास ठाऊक. "बाई, वाचा आता," असं अध्यक्ष झालेले हेडसर म्हणाले तेव्हा त्या भानावर आल्या. इथली शिस्तच होती तशी. सभा संपली की इतिवृत्त वाचायचं, सगळ्यांनी हात वर करून ते बरोबर असल्याचं सांगायचं, खासदारांनी खाली सही करायची आणि मगच चहा. बाईंच्या त्या वेलांट्या-गिरक्या दुसऱ्या कुणाला वाचता येत नसत, तरी सही व्हायचीच.

बाईंनी वही बघितली. दूधवालीच्या प्रश्नापाशी तुटलेली ओळ, खाली कोरं पान. बोटांनी घाबरून पानं मागे उलटली आणि जिथे थांबली तिथून त्या वाचू लागल्या. ते मागच्या वर्षीच्या सभेचं इतिवृत्त होतं.

आता कुणीतरी हटकेल, मग हटकेल, असं म्हणत त्या वाचत राहिल्या. पाववाल्याने आपलाच प्रश्न ऐकून मान डोलावली. दूधवालीनेही डोलावली. पोरांचा एक अनुस्वार न सोडणारे हेडसर डोळे मिटून ऐकत होते. पूल पुन्हा उभा राहिला. कठडे, गोल दिवे, दोन बाकं. हात वर झाले, झाडून सगळे.

"सुरेख टिपलंत, बाई," साहेब म्हणाले. "अगदी माझेच शब्द. फक्त ते 'अतिशय लवकर' आहे ना, त्याच्याखाली एक रेघ मारा."

बाईंनी पेन टेकवलं. रेघ आधीच होती. मागच्या वर्षी साहेबांनीच मारायला लावलेली.

भीती कुठे विरघळली, बाईंना कळलंच नाही. त्या उठल्या आणि उघडी वही साहेबांपुढे टेबलावर ठेवली. साहेबांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि पेन तसंच हवेत राहिलं. बाईंनी खिडकीकडे बोट केलं. सगळा हॉल तिकडे वळला. पलीकडच्या काठावर एक म्हातारी बाई अजून लाल रुमाल हलवत होती, पाण्याच्या टाकीला.

"सही तुमची आहेच, साहेब, मागच्या वर्षीची," बाई म्हणाल्या. "तारीख तेवढी पुलाची घाला. माझ्या ताईला मी दिसतेय तोवरची."