हेडमास्तरची माय

हेडमास्तर व्हायला बी.टी. ही शिक्षकाची पदवी लागते, म्हणून दगा पाटील शिकायला पुण्याला गेला. तिथे सरावाच्या पहिल्याच पाठात "ही नदी शे" असं त्याच्या तोंडून गेलं आणि सगळा वर्ग खो खो हसला. त्या दिवसापासून त्यानं जिभेवरून अहिराणी अशी खरवडून काढली, की पुढे पुढे कुणी त्याला गाव कोणतं म्हणून विचारेनासं झालं.

१९५८ साली तो नंदुरबारकडच्या एका हायस्कुलात हेडमास्तर झाला. सत्काराला धानोऱ्याहून त्याची आई जसोदाबाई आली, नवं लुगडं नेसून. घरून निघताना त्यानं तिला बजावलं, "माय, तठे तू काही बोलू नको. मोठमोठाला लोक शेतस."

सत्काराला उत्तर देताना तो बी.टी.च्या आपल्या आवडत्या विषयावर बोलला. मातृभाषेतून शिक्षण! "ज्याला आईच्या भाषेची लाज वाटते, तो शिक्षक होऊच शकत नाही," या वाक्याला तर टाळ्या थांबेनात.

शिक्षण खात्याचे साहेब जसोदाबाईकडे वळले. "काय माउली, कसं वाटलं लेकाचं भाषण?"

तिनं दगाकडे पाहिलं आणि नुसते हात जोडले.

"अरेरे, बोलता येत नाही वाटतं यांना," साहेब हळहळले.

दगानं खाली बघत होकारार्थी मान हलवली.

घर येईपर्यंत ती गप्पच होती. आत आल्यावर तिनं दार लोटलं आणि लेकाला हळूच विचारलं,



"भाऊ, आते बोलू का?"