लाल घरं

“साहेब, मी दिवे मागितले आणि तुम्ही पोरं उचललीत!” चौकीत प्राचीबाई ओरडल्या, पण आवाजात दम उरला नव्हता. गुन्हा माणसाच्या रक्तात नसतो, अंधाऱ्या वाटेवर पोसला जातो, हे कॉलेजात शिकवण्यात त्यांची अख्खी हयात गेली होती. खालापूरहून कामावरून परतणाऱ्या वाडीतल्या बायांना काळोखात चोर गाठायचे, म्हणून त्या वाटेवर दिवे लागावेत यासाठी त्यांनी लुटल्या गेलेल्या बायांची घरं लाल रंगवलेला नकाशा इथं दिला होता. साहेबांनी तो भिंतीवर चिकटवला, आणि चोरी झाली की लाल घरांतली पोरं आत. “मॅडम, तुमचाच अभ्यास वापरतोय की आम्ही,” साहेब हसले. बाकावरून वाडीतली येसूबाई उठली. तिचा पोरगा गजाही आत होता. साहेबांकडे न बघता ती प्राचीबाईंना म्हणाली, “बाई, लुटलं तर मला व्हतं नं? मंग माजंच घर तांबडं का केलंस गं? बोल की आता!”